माडीवरचा दुसरा फोन

११ सप्टेंबर १९९४, रविवार

आज गंगेवरच्या दुर्गाघाटावर येऊन पोचलो. गाडी सहा तास उशिरा आली, पण जीव खूश आहे. गल्लीत समोरून गाय आली तेव्हा ट्रंक घेऊन हलवायाच्या पायरीवर चढावं लागलं. तो हसून म्हणाला, पहिले गाय, मग बाबूजी.

मालक रत्नाकरभट तीर्थोपाध्याय आहेत. श्राद्धाला येणाऱ्या यजमानांसाठी त्यांच्याकडे चार खोल्या आहेत. त्या झाडायच्या, पाणी भरायचं, सकाळचा स्वयंपाक करायचा. बदल्यात जेवण आणि माडीवरची ही खोली. पैठणला मुलाच्या घरी माझी खाट पडवीत होती. इथे दाराला आतून कडी आहे. मघापासून तीनदा लावून पाहिली.

घरात रत्नाकरभट आणि त्यांची सून हिमानी, दोघंच. तिचा नवरा कुणाल दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. खोलीत एक काळा फोन आहे, खालच्याच लायनीवरचा. मला कोण करणार फोन!

मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर तोंडाने म्हटल्याशिवाय हातातून उतरत नाही. तिकडे सूनबाई वैतागायची. इथे कितीही पुटपुटा.

१५ सप्टेंबर

रत्नाकरभट वर आले. म्हणाले, दुपारी मी घाटावर असतो तेव्हा हिमानीच्या भावाचा, मुकुलचा, इंदूरहून फोन येतो. जरा ध्यान ठेवा. काय बोलतात ते कागदावर लिहून द्या.

मी चाचरलो तर म्हणाले, “विष्णुपंत, घर आपलं, फोन आपला. यात चोरी कसली?” मग शिकवलंही. आधी रिसीव्हरखालचं बटण बोटाने दाबून धरायचं, रिसीव्हर उचलायचा, मग बटण हळूहळू सोडायचं. रिसीव्हरच्या बोलायच्या तोंडावर तळहात ठेवायचा. कौतुकाने म्हणाले, हा फोन कुणालनेच बसवून घेतला होता, आणि रोज इथेच बसायचा.

फोनपुढचं स्टूल बसून बसून गुळगुळीत झालंय. मला हे आवडलेलं नाही. पण एकाहत्तराव्या वर्षी जाऊ कुठे?

१७ सप्टेंबर

आज पहिल्यांदा ऐकलं. भाचीचा दात पडला, बासुंदी बिघडली, एवढंच.

संध्याकाळी वाढताना हिमानीने विचारलं, काका, दुसरं कोणी ऐकत असेल तर कळतं का हो? मी म्हणालो, छे, इथल्या लायनीच खराब. ती म्हणाली, “ह्यांच्या वेळी मला कळायचं. आवाज एक पायरी खाली उतरायचा.” आणि माझ्या पानात दुसरा मोदक वाढला. तो मी तसाच पानात ठेवून उठलो.

२१ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. खोल्या भरल्या आहेत.

आज जे ऐकलं ते नको होतं ऐकायला. इंदूरच्या एका शाळेत हिमानीला नोकरी मिळाली आहे. सासरे सोडणार नाहीत म्हणून न सांगता जाणार. जायचा दिवसही ठरला. मुकुल न्यायला येईल. तिने त्याला सांगितलं, ह्यांचं श्राद्ध तिथेच करून घे, गुरुजींसाठी नाव-गोत्र लिहून ठेव.

मीही लिहू लागलो. लिहायला हात हवा म्हणून तळहात काढला. भारद्वाज गोत्र, कुणाल रत्नाकर. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा खोडलं, तिसऱ्यांदा उमटलं. म्हणजे तीनदा म्हटलं, उघड्या फोनमध्ये.

नंतर घाटावर गेलो तर रत्नाकरभट एका यजमानाकडून तर्पण करवत होते. नाव-गोत्र तीनदा, आणि दर वेळी ओंजळभर पाणी. म्हणाले, नावाने बोलावलं की पितर येतो, त्याला तहानलेला ठेवू नये.

मी पाणी दिलं नव्हतं.

कागद फाडला. जायचा दिवस कुठेच लिहिलेला नाही.

२३ सप्टेंबर

आज मुकुलचा फोन आला तसा वरचा उचलला. आवाज एक पायरी उतरला, तो मी उचलला म्हणून. थोड्या वेळाने आणखी एक पायरी उतरला.

टेलिफोन खात्याचा श्रीराम यजमानांबरोबर आला होता. त्याला गाठून विचारलं. म्हणाला, एक यंत्र उचललं की आवाज थोडा पडतो, पण कोणी उचललं ते कळत नाही. त्याने खांबापासून तार तपासली. यंत्रं दोनच. हसला. “बाबा, तिसरा माणूस मी कुठून आणू?”

२५ सप्टेंबर

खालचा फोन ठेवलेला होता. हिमानी विहिरीवर, मी पाहून आलो. वर येऊन उचलला. नेहमीची गुणगुण, आणि तिच्याखाली श्वास. मी माझं नाकतोंड दाबून धरलं. श्वास चालूच होता.

मग एकच शब्द आला. “कधी?”

ठेवून दिला.

२६ सप्टेंबर

मुकुलचा फोन. ऐकायचं नव्हतं, पण तो ऐकतोय का ते पाहायचं होतं. आवाज उतरला, पुन्हा उतरला, मुकुल ओरडू लागला, ताई, काही ऐकू येत नाही! हिमानी अगदी हळू म्हणाली, “तुम्ही आहात का?”

ती धावत माडीवर आली. माझ्या हातात रिसीव्हर. ती मटकन खाली बसली आणि रडत रडत हसली. काका, तुम्ही होय! मला वाटलं, हेच आले परत.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी होतो हे खरं. एकटा नव्हतो, हे सांगायला जीभ वळली नाही. जायचा दिवस कोणाला सांगणार नाही, अशी गंगेची शपथ घेतली. ती माझ्या पाया पडली. मी— माझ्या पाया.

२७ सप्टेंबर

रत्नाकरभटांना सांगितलं, काही ऐकू येत नाही. भुवया चढल्या त्यांच्या.

दुपारी कुणालच्या नावाने तीळ-पाणी सोडलं, तीनदा. पाणी पाटावर तसंच राहिलं. मी परका. माझ्या हातचं घेत नाही.

माडीवरच्या फोनची तार भिंतीतून उपटली. जेवून आलो तर रिसीव्हर खाली काढलेला. ठेवला. पुन्हा काढलेला.

“कधी?”

तार नाही तरी—

२८ सप्टेंबर, सकाळ

हिमानीला सांगायला हवं होतं. ती आनंदात आहे. साड्यांना इस्त्री करते आहे. कसं सांगू? मीच बोलावलं म्हणून?

फक्त तोंड बंद ठेवायचं. त्याला दिवस कळला नाही तर ती सुटेल. जेवताना बोललो नाही. देवाचं नावही मनात घेतलं.

२८, दुपार

रिसीव्हर टेबलावर आडवा. ऐकतोय. ऐकू दे. कोणाला काही सांगणार नाही. छाती फुटेल म्हणून फक्त इथे लिहितो. ती सुखरूप जाईल. आज चारच्या गाडीने. मुकुल मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांशी उभा—

फोनमधून कोणी म्हणालं, “आज. चारच्या गाडीने.”

मी बोललोच नाही. मी फक्त लिहि—

ओठ. माझे ओठ हलताहेत.

श्वास थांबला. फोन गप्प. गेला तो.

खाली तिच्या ट्रंकेची कडी वाजली. ती गल्लीकडच्या पायऱ्या उतरते आहे. तिच्यामागे आणखी पावलं— रत्नाकरभट घाटावर आहेत— माझ्या दाराची कडी निघत नाही, बाहेरून कोणी— हिमानी, मागे वळू न—