हरली तरी वाकायचं

रविवार, सांजवेळ

आज साचीची ज्युडोची मॅच. नात माझी हरली, त्याचं मले काही नाही. पण ज्युडोत मॅच संपली की एकमेकींसमोर वाकून नमस्कार करा लागते, अन् हे जिंकलेल्या कोराडीच्या पोरीसमोर न वाकताच तणतणत मॅटवरून खाली आली. म्हटलं, "जाय वापस. वाकून ये."

सून म्हणते, "आई, ते रडून राहिली नं! बंदच करते हा क्लास."

"रडत रडतही वाकता येते वं."

सगळ्यांसमोर धाडलं, चुकली का मी? नाही. वाकायलेच पाहिजे.

वाकली. तर त्या पोरीनंच तिले सांगितलं, तुझा डावा पाय उशिरा हटते म्हणून. घरी आल्यापासून साची आरशासमोर डावा पाय हटवून राहिली. आईले म्हणते, "उद्या मले क्लासले लवकर नेऊन सोड."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी भाजी निवडत राहिली.