सहा अँपिअरचा सूड

२१ एप्रिल, सोमवार. शिर्डी.
आजपासून बिभीषण मिस्त्री माझा दुश्मन. आम्ही झोपतो त्या शेडमधला फ्यूज सारखा उडायचा. मी त्यात तांब्याची जाड तार पिळून टाकली. परत उडाला नाही. नंतर वायर वितळली, ती वायरची चूक. मिस्त्री सगळ्यांच्या पंगतीत म्हणाला, "ह्याला फ्यूज कळत न्हाई. ह्याला नुस्ता उजेड कळतो." स्वयंपाकवाल्या बनाबाईला हसून ठसका लागला. राजूरहून एवढ्या लांब हे ऐकायला आलो नाही. सोडणार नाही.

२२ एप्रिल.
लॉजचे मालक, शेठ बोलले. अक्षय तृतीयेला नव्या लॉजची पूजा. खालच्या विजेच्या पॅनलसमोर नारळ फोडेल तो लॉजचा कायमचा वायरमन. खोली, जेवण, पगार. बोलताना शेठ माझ्याकडे बघत होते. मिस्त्री माझ्या मागे उभा होता, पण बघत माझ्याकडेच होते. आईला फोन करून सांगितलं, काम पक्कं.

२४ एप्रिल.
दुसरा मजला मिस्त्रीचा, तिसरा माझा. गिझरला चार एमएमची जाड वायर ओढायची. ३०४ च्या पाईपात ती वळणावर अडकली. तिथे लाईटची बारीक ओढली. पाणी तापल्याशी मतलब.
संध्याकाळी पॅनलवर खोल्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. मिस्त्री म्हणे, एकेक स्विच पाडून खोलीत जाऊन बघ, मग चिकटव. तीन जिने! अंदाजाने चिकटवल्या. माझा अंदाज चुकत नाही.

२६ एप्रिल, दुपारी १:४०.
सूड झाला. मिस्त्री जेवायला गेल्यावर पॅनलवर त्याच्या २०४ ची चिठ्ठी बघून तिथला वीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा स्विच, काढला, सहाचा बसवला. पूजेला गिझर लावले की पाच मिनिटांत पडणार. शेठसमोर, पाहुण्यांसमोर. मग बघू कुणाला काय कळतं. मधे दोनदा जिन्यापर्यंत जाऊन बघितलं, वारा खायला. उकाडा लई आहे.

३० एप्रिल, सकाळी ९.
नवा शर्ट. नारळ उचलून बघितला. एका दणक्यात फुटेल.

३० एप्रिल, दुपारी.
शेठनी सगळे गिझर लावायला सांगितले. एक स्विच पडला. मी पळत २०४ मध्ये गेलो. पाणी गरम. चिठ्ठी २०४ ची, पण थंड होतं ते ३०४ चं.
मिस्त्रीने पॅनलमध्ये पडलेला सहाचा बघितला, वर येऊन ३०४ चा गिझर उघडला. बारीक वायर बोटांत धरून बघितली. मग शेठला म्हणाला, हिच्यावर वीसचा असता तर ही भिंतीतल्या भिंतीत जळाली असती. "ज्यानं हिला सहाचा बसवला, त्यानं लॉज वाचवलं."
शेठनी विचारलं, कोण तो?
मी हात वर केला. अशी संधी कोण सोडतं.
मिस्त्री म्हणाला, "म्हंजी वायर बारीक हाय हे तुला म्हाईत हुतं. मग वढली कुनी?"
बनाबाई या वेळी हसली नाही. तेच जास्त लागलं.

१ मे.
नारळ काल मिस्त्रीने फोडला. दोन दणके लागले, हे लिहून ठेवतो. शेठ मला आजच्या गाडीने राजूरला पाठवणार होते. मिस्त्री म्हणाला, राहू द्या, तिसऱ्या मजल्याचे पाईप ह्यालाच ठाऊक. त्याचे उपकार मी मानत नाही. सूड अजून चालू आहे.
सकाळपासून ३०४ मध्ये चारची वायर घालतोय. एका टोकाला मी, दुसऱ्याला तो. आईचा फोन आला, काम पक्कं झालं का. म्हटलं, चालू आहे. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "ढकल."
ढकलली.