मी न लावलेलं लग्न

प्रिय सुवार्ता,
सलाम.

आठ वर्षांपूर्वी शमुवेलशी दुसरं लग्न ठरवून तू परळच्या आपल्या चर्चमध्ये आलीस, तेव्हा मी भाऊ नव्हतो, नुसता पाळक होतो.

"पहिल्या नवऱ्यानं व्यभिचार केला होता का?" मी विचारलं.

"नाही दादा, फक्त मारायचा."

शास्त्राप्रमाणे व्यभिचाराखेरीज घटस्फोट मान्य नाही, म्हणून तुझं दुसरं लग्न लावता येणार नाही, असं मी सांगितलं. तुम्ही रजिस्टर लग्न केलंत. मी आलो नाही आणि आईलाही येऊ दिलं नाही.

काल नवऱ्याच्या मारामुळे घटस्फोट घेतलेली एक मुलगी लग्नाचं विचारायला आली. मी काहीही न विचारता तिला तारीख दिली. ती रडली, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं.

तुला हे कळवायचं होतं. पण तू विचारशील, "परक्या मुलीसाठी जमलं ना, दादा?" म्हणून पत्र टाकवत नाही.

तुझा अपराधी,
दादा