शताधिपतीची छाती

सान बार्तोलो,
झावळ्यांच्या रविवारानंतरचा मंगळवार

दाजी,

साष्टांग नमस्कार. (यंदा हा नमस्कार कागदापुरता नाही. चाळीस दिवस मी रोज पहाटे तो जमिनीवर घालतो आहे. खुलासा पुढे येईलच.) ताईच्या गुडघ्यांना आराम असेल आणि तुमचा खोकला राजधानीच्या धुराला सरावला असेल, अशी आशा करतो. इकडे ब्रिहिदा आणि कोंबड्या खुशाल आहेत.

प्रायश्चित्ताचे चाळीस दिवस सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी सकाळी, कपाळावरची राख न पुसता, मी स्वयंपाकघरात पालथा पडलो आणि तुम्ही नाताळात शिकवल्याप्रमाणे पहिला दंड काढला. जमिनीवर वीस, हात खुर्चीवर ठेवून दहा, की घरच्या घरी छाती भरते, असे तुम्ही म्हणाला होता. लष्करात कवायत शिकवलेल्या माणसाच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार? खुर्ची मात्र गेली. चौथ्या दंडाला तिचा पाय निखळला आणि मी हनुवटीवर आलो. (खुर्ची तुम्हीच लग्नात दिलेली. तक्रार नाही.)

एवढा खटाटोप कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. गुड फ्रायडेला गावात येशूच्या मरणाचा जो खेळ होतो, त्यात गेली बावीस वर्षे मी भाला धरून मागे उभा राहणारा मुका शिपाई. शिपायांचा नायक जो शताधिपती, त्याला मात्र क्रूसाखाली एक वाक्य बोलायला मिळते, की हा खरोखर देवाचा मुलगा होता. ते एकदा मोठ्याने बोलावे आणि मग खुशाल म्हातारे व्हावे, एवढीच माझी इच्छा. पण शताधिपतीचे पत्र्याचे चिलखत इतकी वर्षे ते काम करणाऱ्या निकानोर लोहाराच्या मापाचे. तो गेल्या पावसाळ्यात वारला, आणि खेळाच्या मंडळाचा नियम असा की ज्याच्या अंगावर चिलखत वाजणार नाही, त्याला वाक्य. माझ्या अंगावर ते घंटेसारखे वाजते, आत मी लोलक. रोसेंदो खाटकाने नुसता श्वास घेतला तरी ते भरते.

तर दुसऱ्याच पहाटे शेजारच्या त्रान्सितो मावशींनी खिडकीतून आत पाहिले. कोपऱ्यात क्रूस, पुढे मेणबत्ती, आणि मी पालथा, वर-खाली, कण्हत.

"काय करतोस रे, आन्सेल्मो?"

मला धाप लागलेली. जेमतेम एक शब्द निघाला. "दंड."

"कशाचा रे, बाळा?"

उत्तराला श्वास उरला नव्हता. मावशींनी माझे ते मौन गावभर नेले. रविवारपर्यंत अर्धी गल्ली माझे पाप कोणते असावे याचा विचार करत होती. ब्रिहिदाने तर बायकोच्या अधिकाराने काही न विचारता मला क्षमाही करून टाकली (हे जास्त झोंबले). पुढच्या आठवड्यापासून सहा बायका मेणबत्त्या घेऊन मावशींच्या अंगणात माझ्याबरोबर पालथ्या पडू लागल्या. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आता सलग बारा काढतात. माझी छाती दोन बोटे वाढली. ब्रिहिदा म्हणते, फीत सैल धरली होती.

मग मंडळाने ठरवले, की एवढे प्रायश्चित्त करणाऱ्याच्या अंगावर चिलखत वाजले तरी चालेल. वाक्य मला. दाजी, त्या वाक्यात 'खरोखर' हा शब्द आहे. घरी म्हणून पाहायला गेलो, की तेवढा गाळूनच पुढे जायचो.

काल चिलखत खांद्यावर टाकून बैठकीला गेलो. सांगितले की पाप नाही, प्रायश्चित्त नाही, मी छाती वाढवत होतो. आधी रोसेंदो हसला, मग पाद्रीबाबा. हसू ओसरल्यावर मी ते चिलखत रोसेंदोच्या अंगावर चढवले आणि पट्टे माझ्या हाताने आवळले. जरासुद्धा वाजले नाही.

तुमचा,
आन्सेल्मो

ता. क. मावशींनाही खरे सांगितले. म्हणाल्या, "बरं केलंस. उद्या पाचला ये, आणि खुर्ची नीट करून आण."

ता. क. (दुसरा) रोसेंदोला वाक्य पाठ होत नाही. भाला घेऊन त्याच्या मागे उभे राहायचे आणि हळूच सांगायचे, हे काम माझ्याकडे आले आहे. पत्र लिहिण्याचे खरे कारण एवढेच, की शुक्रवारी ताईला घेऊन या आणि भाल्याच्या बाजूला उभे राहा. तिथे ते आधी ऐकू येईल.