हिरवा नको, लाल!

९ मे
मेहुण्याच्या, झेनिवालच्या, बरगडीला तडा गेला. संध्याकाळी मासे घेऊन परतत होता. कुणा पैसेवाल्याची स्पीडबोट त्याच्या शिडाच्या तराफ्यावर चढली. बोटवाला म्हणे, ‘दिसलाच नाही!’ एवढं थोरलं शीड दिसलं नाही! आमच्या या रेसिफे शहरातल्या श्रीमंतांना समुद्रही बापजाद्यांनी घेऊन ठेवल्यासारखा वाटतो.
हॉस्पिटलात बायकोसमोर शब्द दिला: शिडाला असा रंग देतो की अंधारात आपोआप उजळेल. युनिव्हर्सिटीत जन्मभर चमकणारी रसायनं शिकवतोय ती काय उगाच? मार्लूसिया एवढंच म्हणाली, “बरा झाला की तो लगेच समुद्रावर जाणार. त्याआधी द्या म्हणजे झालं.”
संकल्प: त्याआधीच देणार.

१२ मे
डिपार्टमेंटची मीटिंग. जुसेलिया, जी एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि आता आमची हेड आहे, सगळ्यांसमोर म्हणाली, “सर, माझा हिरवा तयार आहे. अंधारात डोळ्याला हिरवाच आधी दिसतो. रात्रभर टिकतो. डबा घेऊन जा.”
मी म्हणालो, “हिरवा म्हणजे सिग्नल. ‘या, खुशाल अंगावरून जा!’ धोक्याचा रंग लाल. लालच करणार.”
ती हसली. बाकीचेही हसले. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय.

१३ मे
तत्त्व अगदी सोपं आहे. चमकणारा धातू तोच, युरोपियम. त्याचे शेजारी बदलले की रंग बदलतो. ॲल्युमिनेटमध्ये बसवला की हिरवा, सल्फाइडमध्ये बसवला की लाल. माणसांचंही तसंच. माझ्या शेजारी जुसेलिया बसवली की मी लाल होतो.

२७ मे
पहिली भट्टी. फिकट गुलाबी भुकटी निघाली, अंधारात ढिम्म. दोष भट्टीचा. भट्टी बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, कडक.

२ जून
लाल! अस्सल लाल! मार्लूसियाला घरून बोलावून अंधाऱ्या कपाटात उभं केलं आणि दाखवला. म्हणाली, “सुंदर आहे हो.” मग म्हणाली, “राहील किती वेळ?”
काय हा प्रश्न! उत्तर जुळवेपर्यंत उजेड विझला. मी बोलताना शब्द तोलूनमापून वापरतो, त्यामुळे तसं झालं.

८ जून
चार दिवस पाऊस. कॉरिडॉरभर सडक्या अंड्यांचा वास. मी कॅन्टीनवर तक्रार केली, मोठ्याने. कॅन्टीनच्या इवोनेतेबाई कसाव्याच्या कंदाच्या पिठाने माखलेल्या हातांनी वर आल्या, वास घेत घेत थेट माझ्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “प्रोफेसर, अंडं माझं नाही. अंडं तुमचं आहे.”
मागून जुसेलिया. “सर, सल्फाइड दमट हवेत फुटतंय, त्याचा हा वास. कणांवर आधी काचेसारखा थर चढवा. हिरव्यालाही मी तोच चढवलाय. या, दाखवते.”
मला दाखवणार! थर चढवायला हिला मीच शिकवलं असणार. आता आठवत नाही, पण दुसरं कोण शिकवणार?
थर चढवला नाही. अस्सल मालाला वेष्टन लागत नाही.

१५ जून
शीड रंगवलं. किनाऱ्यावरचे सगळे कोळी वाऱ्याची दिशा बघून उभे राहिले. झेनिवाल नाक दाबून म्हणाला, “दाजी, शीड रंगवलंय की कुजवलंय?” अडाणी! म्हातारा सेवेरीनो म्हणाला, “चांगलंय की, स्पीडबोटवाल्याला दिसलं नाही तरी वासाने कळेल.”
शास्त्रज्ञाला समाज कधीच समजून घेत नाही.

२० जून
बरगडी पुरती बरी नसताना झेनिवाल निघाला. घरात पीठ संपलंय म्हणे. चाचणीसाठी मीही गेलो.
परतताना सूर्य बुडाला. शीड उजळलं, लालभडक. मी उभा राहून दोन शब्द बोलू लागलो. बोलून होईतो अंधार. शीड काळं. आणि डावीकडून इंजिनचा आवाज, सरळ आमच्यावर.
झेनिवालने भाताच्या पातेल्यावर झाकण बडवायला सुरुवात केली, बरगडी धरून, बोंबलत. मीही ओरडलो. काय ओरडलो? “लाल! लाल!” बोट अगदी हाताच्या अंतरावरून वळली. लाटेने मी आडवा. बोटवाला ओरडला, “दिवा तरी लावा की रे, भुतांनो!”
त्याला शिव्या देण्यासाठी मी तोंड उघडलं. झेनिवाल हळूच म्हणाला, “दाजी, खाली बसा. पोरं घरी वाट बघतायत माझी.” पातेलं त्याने किनारा येईपर्यंत हातातून सोडलं नाही.
अक्षर वेडंवाकडं येतंय. पेन खराब आहे.

२१ जून
मार्लूसिया म्हणाली, “तुमचा राग त्या बोटवाल्यावर होता ना? मग तो माझ्या भावाच्या शिडावर कशाला काढलात?” मी रंगाचं शास्त्र समजावायला घेतलं. तेवढ्यात ती बसने निघून गेली. जुसेलियाकडे, हिरव्याचा डबा आणायला. घरात कॉफीसुद्धा नाही.

२४ जून
संत जॉनचा सण. किनाऱ्यावर शेकोट्या, भाजलेला मका, अकॉर्डियनचा गोंगाट. झेनिवाल निघाला. शीड हिरवं. शेकोट्यांच्या पलीकडे गेला तरी दिसत होता, प्रवाळाच्या रांगेपाशी पोचला तरी दिसत होता. एक स्पीडबोट लांबूनच वळसा घालून गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला संताप आला. तरी मी नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी होतं ते शेकोटीच्या धुराने.
जुसेलिया मक्याच्या पानात बांधून उकडलेला गोड पुडा घेऊन शेजारी बसली. म्हणाली, “सर, युरोपियम चमकताना मी पहिल्यांदा तुमच्याच वर्गात पाहिला होता.”
मी म्हणालो, “मागच्या बाकावरून काय दिसलं असेल?” पण पुडा घेतला. अर्धा तिला दिला.

२९ जून
झेनिवाल सकाळीच दारात. “दाजी, तुमचा लाल रंग उरलाय का?” मला वाटलंच होतं! सत्य उशिरा का होईना, कळतं. इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेऊन स्वतः किनाऱ्यावर गेलो.
त्याने जाळी ठेवायच्या खोपटाच्या फळ्यांना रंग लावला. आतून. म्हणाला, “शीड पुसलं ती चिंधी इथे पडून होती, दाजी. तेव्हापासून उंदीर फिरकलेला नाही. एकही जाळं कुरतडलं नाही. सेवेरीनोलाही पाहिजे, एक डबा.”
घरी आलो. कुणावर चिडावं ते ठरेना.
नवा संकल्प: पुढच्या भट्टीत रंग नाही आला तरी चालेल. वास टिकला पाहिजे.