काठोकाठ भरलेली बॅटरी

आई,
आधी पाया पडते, मग बातमी सांगते.

गाड्यांच्या बॅटऱ्यांची देखभाल शिकतेय. परवा त्यांत पाणी घालताना, तू आमटीची वाटी भरतेस तसं काठोकाठ भरलं. चार्जिंगला लावल्यावर ॲसिड उतू गेलं आणि ॲप्रनला भोकं पडली. हाताला काही नाही गं, जरा चुरचुरतं इतकंच.

शिकवणाऱ्या बाई रागावणारच होत्या, पण आधी माझा हात नळाखाली धरला. मग म्हणाल्या, "अगं, चार्ज होताना पाणी वर येतं, त्याला जागा ठेवायची." परक्या ठिकाणी अशी माणसं भेटली, आणखी काय हवं?

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

आता बॅटरीत पाणी घालताना हात आखडता घेते. मी घरी आले की माझं ताट वाढताना तू मात्र तो आखडता घेऊ नकोस.

तुझी,
ठकी