डाव्या गालातली चिमूट

निपाणी, शनिवार, फेब्रुवारी १९३८. संध्याकाळ.

बेळगावच्या डॉक्टरांच्या परिषदेहून परतले, तरी डोकं तापलेलंच आहे. तोंडाच्या कॅन्सरवर मी निबंध वाचला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया तंबाखूची चिमूट ज्या गालात धरतात, त्याच गालात गाठ उठते. टाळ्या पडल्या. मग वखारीचे मालक अण्णा, ज्यांच्या देणगीवर माझं पुढचं संशोधन व्हायचं होतं, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पैसं देतो की, बाई. फकस्त तंबाखूचं नाव काढू नगासा. टोकदार दातानं हुतंय म्हणून लिवा." वर पानाचं तबक पुढं केलं. त्यातही तंबाखू!

तबक मागं सारलं. देणगीही. चुकलं का माझं? आता सूक्ष्मदर्शक कुठून आणू?

दवाखान्यात अण्णांच्याच वखारीतली गंगाक्का वाट बघत बसलेली. डाव्या गालात गाठ. गेल्या खेपेला बजावलं होतं, या गालात चिमूट धरू नको. आज कौतुकानं म्हणाली, "तुमचं ऐकलं बगा बाई. आता उजव्या गालात धरती."

नाही, चुकलं नाही. सोमवारी वखारीच्या दारातच उभी राहणार. कुठल्याच गालात नको, असं एकेकीला सांगणार. आत गादीवर बसलेल्या अण्णांना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.